जुन्या झेंड्यांचा दिवस

उज्जैनला जाऊन आले म्हटलं की कराडच्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला: दर्शन नीट झालं का? झालं. चेंगरून, घामाघूम होऊन, पण झालं. दुसरा प्रश्न, तिकडे खायला काय मिळतं? तेही सांगते. पण मी तिथे चार दिवसांत जो गोंधळ घातला, त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण मी सोडून कुणाला तो माहीत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. परवा भाजीवाल्याने विचारलं, "काकू, तो व्हिडिओ तुमचाच ना?" तेव्हा ठरवलं, आता आपणच सगळं लिहून टाकावं. दुसऱ्याने तिखटमीठ लावण्यापेक्षा आपलं आपण लावलेलं बरं.

माझी मावसबहीण सुधा लग्न होऊन उज्जैनला गेली त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तिच्या सासरचे पूर्वज दरबारी चाकरीसाठी कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. तिचे यजमान अनंतराव खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवून निवृत्त झाले. आता शहात्तर वर्षांचे आहेत, हृदयात दोन नळ्या बसवलेल्या, आणि अख्खा मोहल्ला त्यांना "मास्टरजी" म्हणतो.

त्यांच्या लग्नाला मी गेले होते. चोवीस वर्षांची, नुकतीच शाळेत लागलेली, गळ्यात शिट्टी. म्हणजे लग्नात शिट्टी नव्हती, पण असल्यासारखीच वागत होते. सुधाच्या सासूबाई म्हणाल्या, "खाना बन गया आहे, बसून घ्या." मी मांडवात सगळ्यांदेखत त्यांचं मराठी दुरुस्त केलं. वरमाईचं! पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलबी बघून नाक मुरडलं. त्याच वर्षी कराडच्या थिएटरात सिनेमा संपल्यावर राष्ट्रगीत लागलं आणि पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठेना. मी छत्रीच्या टोकाने ढोसलं. तरी उठेना. मग मोठ्या आवाजात त्याची लाज काढली. दिवे लागल्यावर दिसलं, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. तो बिचारा म्हणाला, "बाई, मनातून उभाच होतो." आणि मी काय म्हणावं? "मग ते दिसायला पाहिजे!"

ही अशी होते मी. पुढे लग्न, मुलं, नातवंडं, गुडघे, यांनी त्या बाईला बरंच वठणीवर आणलं. ती संपली असं मी धरून चालले होते.

चौदा ऑगस्ट, टावर चौक

गाडीतलं काही सांगत नाही, सगळ्या गाड्यांत लोक सारखेच घोरतात. दुपारी उतरले. सुधा स्टेशनवर आली होती, गुडघ्याला पट्टा लावून.

"अक्का, किती दुबळी झालीस ग! चल, पैले हात-मुंह धू, मग आपण बाहेर जाऊ. तुला टावर चौक दाखवते, आज तिथे मजा असते."

सुधाचं मराठी आता पूर्ण तिच्या सासूबाईंसारखं झालंय. मी एक शब्दही दुरुस्त केला नाही. माझ्या प्रगतीची नोंद घ्यावी.

टावर चौक म्हणजे फ्रीगंजमधला भर बाजार. संध्याकाळी आम्ही दोघी भुट्टे का कीस खात उभ्या होतो. मक्याचा कीस दुधात शिजवून, वरून खोबरं, लिंबू. दोन द्रोण झाले, तिसऱ्याला सुधाने डोळे मोठे केले. चहूकडे झेंडेच झेंडे. हातात धरायचे, स्कूटरला लावायचे, गाडीच्या काचेवर चिकटवायचे. इथपर्यंत ठीक. मग तिरंगी बर्फी दिसली. तिरंगी ढोकळा. तिरंगी हेअरबँड, तिरंगी कानातली. एका बाईच्या कडेवर तिरंगी अंगरखा घातलेलं कुत्रं होतं, आणि ते तो अंगरखा चावत होतं.

मी थक्क. मग बर्फी खाल्ली. हिरवा भाग आधी संपवला. आणि एक तिरंगी गॉगल घेतला, डोळ्यांवर चढवून सुधाला विचारलं, "कशी दिसते?"

"पागल दिसतेस," सुधा म्हणाली. "ह्यांच्यासमोर नको घालू. त्यांना नाही चालत असलं."

"मास्तर आहेत ना, म्हणून. मास्तर लोकांना काहीच चालत नाही. मला माहितीये, मीही होते."

पंधरा ऑगस्ट

मोहल्ल्याच्या चौकात झेंडावंदन. त्याआधी अनंतरावांना बाजेवर झेंड्याच्या घड्या घालताना बघितलं. झेंड्याच्या पोटात झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, मग दोरीची अशी गाठ, की एका हिसक्यात सुटली पाहिजे, पण वाऱ्याने सुटता कामा नये. दोनदा बांधली, दोनदा सोडून बघितली. मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती गाठ इतकी पक्की मारली होती, की मुख्याध्यापक दोरीला लोंबकळले तरी सुटेना, शेवटी शिडी आणावी लागली. दोष मी शिपायाला दिला होता.

दोरी पाहुण्यांनी ओढली, फुलं पडली, टाळ्या पाहुण्यांना. अनंतराव मागच्या रांगेत. सूर्य मावळायच्या आत मात्र झेंडा उतरवायला तेच गेले, एकटे. परत आले तेव्हा घडी दोन्ही हातांवर आडवी धरलेली, झोपलेलं तान्हं मूल आणावं तशी.

सोळा ऑगस्ट, भैरवगढ आणि परत

सकाळी सुधा मला भैरवगढला घेऊन गेली. तिथे लाकडी ठशांनी कापडावर छपाई करतात, चादरी, ओढण्या, साड्या. रंगात बुडवलेला ठसा कापडावर ठेवायचा, वरून मुठीने एक ठोका, उचलायचा, बरोब्बर त्याच्या शेजारी ठेवायचा. मी अर्धा तास नुसती ठक ठक ऐकत बसले. छापणारे चाचा माझ्याच वयाचे, नखांत कायमचा निळा रंग.

मला नातवासाठी एक खास चादर पाहिजे होती. मी म्हटलं, "चाचा, एक काम करो. ऊपर केसरी, बीच में सफेद, नीचे हरा, और बरोबर मधे निळं चक्र. डबल बेड की."

चाचांनी ठसा खाली ठेवला. "चादर?"

"हाँ, चादर."

"बिछाने की?"

"और क्या ओढ़ने की? नातवाच्या पलंगावर."

"अम्मा, उस पे तो वो पैर रखेगा।"

"धुतलेले पाय रखेगा!"

चाचा हसले, पण मान हलवली ती नकाराचीच. "मोर ले लो। बूटी ले लो। ये चादर पे नहीं छापते हम।"

माझा पारा चढला. चौतीस वर्षं मी मुलांना झेंड्याला सलामी कशी द्यायची ते शिकवलं, आणि हा माणूस मला शिकवतो? सुधाने कोपर मारलं, "अक्का, मोर घे चुपचाप." मोर घेतला. परतताना ऑटोत मी बडबडत होते, गिऱ्हाइकाला नाही म्हणायची काय ही पद्धत, आणि सुधा बाहेर बघत गालातल्या गालात हसत होती.

संध्याकाळी अनंतराव खांद्याला कापडी पिशवी लावून निघाले. मीही गेले, पाय मोकळे करायला. वाटलं भाजी आणणार. तर हे गृहस्थ दहा पावलांवर वाकले आणि नालीच्या कडेचा एक झेंडा उचलला. कागदी. चिखल पुसून पिशवीत. पुढे गतिरोधकावर एक, त्यावरून चाकं गेलेली. पाणीपुरीच्या गाड्याखाली दोन. शाळेच्या भिंतीपाशी तर पुंजका. काल हेच हातात घेऊन लोक ओरडत होते, आज सगळे पायांखाली. मला इतका धक्का बसला की गुडघे विसरून मीही वाकायला लागले.

पानवाला ओरडला, "क्या मास्टरजी, निकल पड़े?"

"हाँ भैया। आपके यहाँ है कोई?"

त्याने गल्ल्यामागून एक फाटका झेंडा काढून दिला. "रखा था आपके लिए।"

घरी आल्यावर अनंतरावांनी कापडी झेंडे बादलीत धुतले. पिळले नाहीत, नुसते दाबून पाणी काढलं, आणि आतल्या खोलीत दोरीवर पंख्याखाली वाळत टाकले. कागदी वेगळे ठेवले. मला फार कौतुक वाटलं. मी म्हटलं, "अनंतराव, सकाळी इस्त्री करते मी सगळ्यांना. फाटलेत त्यांना टाके घालते. पुढच्या वर्षी नवीन घ्यायला नकोत."

त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. सुधाने घाईने विषय बदलला.

"अक्का, उद्या सुबह आमच्याकडे गॅस पेटत नाही हं. चहा-नाश्ता काही नाही. शामपर्यंत फळं, दूध. तू बाहेरून पोहे मागवून घे."

"का? सिलिंडर संपला?"

"नाही ग. ह्यांचं असतं काहीतरी."

सतरा ऑगस्ट, सकाळ

चहाशिवाय मी माणसात नसते, हे आधी सांगून ठेवते. साडेसहाला उठले, स्वयंपाकघर थंड, सुधा न्हाणीत. चिडून गच्चीवर गेले, म्हटलं निदान हवा तरी खाऊ. हवेला वास येत होता. कंगवा जळल्यासारखा.

पाण्याच्या टाकीमागून काळा धूर. मी डोकावले.

अनंतराव, नुकती अंघोळ केलेले, ओलं धोतर, उघडे, पाठमोरे. समोर तांब्याचं घंघाळ. त्यात केशरी रंग आक्रसत होता. त्यांच्या डाव्या हातावर काल रात्री धुतलेल्या झेंड्यांची चळत, आणि उजव्या हाताने ते त्यातला एक उचलून, घडी तशीच ठेवून, घंघाळात सोडत होते.

आणि ती आली. ती चोवीस वर्षांची, शिट्टीवाली. घशातच दबा धरून बसली होती. तिने विचार केला नाही, पुढे झाली नाही, "अनंतराव, हे काय?" असंही विचारलं नाही. कठड्याकडे धावली आणि ज्या आवाजाने तिनं एकेकाळी आठशे पोरांना एका ओळीत उभं केलं होतं, त्या आवाजात गल्लीत ओरडली:

"अरे कोणीतरी आओ रे! झंडा जला रहे हैं! मास्टरजी झंडा जला रहे हैं!"

समोरच्या गच्चीवर मिश्राजी रोज प्राणायाम करतात. त्यांनी नाक सोडलं आणि फोन उचलला.

अनंतराव वळले. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. रागावलेला नव्हता. अंघोळ करताना कुणी दार ढकललं तर माणूस जसा बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हातातले उरलेले झेंडे छातीशी धरून घंघाळावर परात झाकली आणि खाली निघून गेले.

सुधा ओल्या केसांनी वर धावत आली. "काय केलंस तू अक्का?"

"मी? मी काय केलं? तुझा नवरा झेंडे जाळतोय!"

"मग काय करायचं फाटलेल्या झंड्याचं?" सुधा अशी कधी माझ्यावर ओरडली नव्हती. "कूडेदानात टाकायचा? फरशी पुसायची? नियमच आहे तसा! खराब झाला की एकांतात, इज्जतीने, पूरा जाळायचा. सालोंसाल करतात ते. कोणाला दिसू नये म्हणून टंकीच्या पाठी करतात. मी तुला मुद्दाम नाही सांगितलं, तू ओरडशील म्हणून. तर न सांगताच ओरडलीस!"

मी नियम वाचलेला नव्हता. चौतीस वर्षांत नव्हता. झेंडा कसा चढवायचा ते मला पाठ होतं. त्याचं आयुष्य संपतं तेव्हा काय, हे कधी मनातच आलं नाही.

खाली आलो तर अनंतराव कपडे घालून आरामखुर्चीत बसले होते. फोन वाजायला लागले होते. मिश्राजींचा व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे. सुधाने लावला. धूर, परात, उघडे अनंतराव, आणि त्या सगळ्यावर माझा आवाज, स्वच्छ, खणखणीत. शिक्षिकेचा आवाज. खोटा वाटेल कसा?

"लोकांना सांगा ना, काय करत होतात ते," मी हात जोडून म्हटलं.

"अक्का, जे कुणाला दाखवायचं नसतं, ते दवंडी पिटून कसं सांगावं?" ते शांतपणे म्हणाले. "लोकांना वाटायचं ते वाटू द्यावं."

"आणि पोलीस आले तर?"

"येतील. बयान लिहून नेतील."

सुधा त्यांची गोळी शोधत होती आणि तिला डबीचं झाकण उघडेना. मी डबी घेऊन उघडून दिली. तिने माझ्याकडे न बघता गोळी उचलली. मग स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग. थंड शेगडीसमोर उभी राहून ती म्हणाली, "एक बात विचारू? तुझ्या घरचा मागच्या सालचा झंडा कुठे आहे?"

"कपाटात," मी म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं की मलाच खरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी डोळ्यांसमोर माझं कराडचं स्वयंपाकघर आलं. मांडणीवरची मोठी बरणी. कैरीचं लोणचं. बरणीच्या तोंडाला दादरा बांधलेला. केशरी, पांढरा, हिरवा. कापड चांगलं होतं हो. पॉलिस्टर नव्हतं, सुती, घट्ट विणीचं, मुंगी आत जाणार नाही असं. कड उसवली होती, तिला मी हेमही घातली होती. चक्र बरोब्बर बरणीच्या तोंडावर मधोमध बसलं होतं आणि मला ते फार सुबक वाटलं होतं.

मी तिथेच पाटावर बसले.

सतरा ऑगस्ट, अकरा वाजता

हेडसाहेब आले, म्हणजे चौकीतले हेड कॉन्स्टेबल. जाडे, दमलेले, हातात वही. त्यांच्यामागे मिश्राजी, आणि दारात अर्धी गल्ली. हेडसाहेबांनी चपला बाहेर काढल्या, अनंतरावांना नमस्कार केला, आणि अवघडून म्हणाले, "मास्टरजी, ऊपर से फ़ोन आया है। लिखना पड़ेगा।"

"लिखिए।"

"क्या लिखूँ? आप बोलो तो लिखूँ।"

"जो दिखा, वो लिख लीजिए।" आणि अनंतरावांनी तोंड मिटलं. हेडसाहेबांनी तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. दारातून कुणीतरी म्हणालं, "कुछ बोल ही नहीं रहे, मतलब सही है।" सुधाने पदर तोंडात दाबला.

शहात्तर वर्षांचा माणूस, ज्यानं घरी बसवून या दारातल्या निम्म्या लोकांना अक्षरं गिरवायला शिकवली, तो आता चौकीच्या वहीत जाणार होता. माझ्या आवाजाच्या आधाराने.

मी उठले. "हेडसाहब, वो आवाज मेरी है।"

"पता है अम्मा। आपने क्या देखा?"

"मिश्राजी, फोन काढा," मी म्हटलं. "सकाळी न विचारता काढलात, आता मी सांगते तेव्हा काढा. माझं तोंड नीट येऊ द्या." मिश्राजी गोंधळले, पण काढला. मी सरळ त्यात बघून बोलले. माझं हिंदी म्हणजे मराठीला लावलेली फोडणी, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी म्हटलं, मी बिना समझे चिल्लाई. मास्टरजी फटे हुए झंडे इज्जत से विदा कर रहे थे, नियम वही है, मुझे नियम मालूम नहीं था. और सुनो. मैं चौंतीस साल की टीचर. मेरे घर में पिछले साल का झंडा अचार की बरणी पे बांधा है. मैंने बांधा है. अपने हाथ से. चक्र बीच में.

मग दारातून एक बाई, "हाय राम." सुधा माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत "कपाटात?" असं स्वच्छ लिहिलेलं.

हेडसाहेबांनी पेन खाली ठेवलं, वर केलं, पुन्हा खाली ठेवलं. "अम्मा, सच बोलूँ तो मामला मास्टरजी का नहीं, आपका बनता है।"

मी म्हटलं, "बनाओ."

खरं सांगते, धीट होते ती फक्त वरून. कराडला काय सांगणार, लोणच्यापायी चौकीत गेले म्हणून? सुनेचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मिश्राजींचा फोन अजून माझ्यावर रोखलेला.

"मिश्राजी, फ़ोन नीचे कीजिए।"

अनंतराव बोलले होते. खुर्चीतून उठलेही होते. स्वतःसाठी सकाळपासून ज्या माणसाने ओठ उघडले नाहीत, तो माझ्यासाठी उभा राहिला. मिश्राजींनी फोन खिशात टाकला.

अनंतराव हिंदीत बोलले, मी मराठीत सांगते. ते म्हणाले, मी पंचवीस वर्षांचा होतो, एका खेड्यातल्या शाळेत एकटा मास्तर. वादळात शाळेचा झेंडा उभा फाटला. बापूलाल नावाचा चपराशी तो घेऊन आला, म्हणाला, साहेब, याचं काय करू? मी वही तपासत होतो. मान वर न करता म्हटलं, कापड बरं आहे, फळा पुसायला ठेव.

"तुम्ही?" सुधा म्हणाली.

मी, ते म्हणाले. बापूलालने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. संशय आला म्हणून मी मागे गेलो. त्याने विहिरीवर अंघोळ केली. शाळेच्या मागे गेला. मी कोपऱ्यावरून बघत होतो, त्याने मला पाहिलं. मला वाटलं आता रागावेल. तो एवढंच म्हणाला, साहब, आप उधर मुँह कर लो. मी वळलो. त्या दिवशी त्याच्या घरी चूल पेटली नाही. तो दोन इयत्ता शिकलेला. नियम त्याला कुणी सांगितला असेल असं मला वाटत नाही.

मग हेडसाहेबांकडे वळून म्हणाले, "इन्होंने अपमान नहीं किया। इन्हें किसी ने बताया नहीं था। मुझे बताने वाला मिल गया था, बस।"

सुधा हळूच पुटपुटली, "अठ्ठेचाळीस सालांत मला ही फळ्याची बात नाही सांगितली." आणि ती अनंतरावांसाठी पाणी आणायला गेली.

हेडसाहेब वही मिटून उठले. "मैं लिख दूँगा, कुछ नहीं था।" चपला घालताना थांबले, वर गच्चीकडे बघितलं. "नियम तो एकांत का है मास्टरजी। पर अब इस शहर में एकांत वाली छत कहाँ बची है?"

मिश्राजी दारात घुटमळत होते. त्यांनी पहिला व्हिडिओ खोडला, पण गेलेला गेला, तो परत कसा येणार? माझा दुसराही टाकला. तो पहिल्यापेक्षा दुप्पट फिरला. लोणच्यामुळे. दुपारी कराडहून सूनबाईचा फोन. "आई, हे काय बघतेय मी?"

"मेघना, आधी दादरा सोड. दुसरा बांध. तो धुवू नको, इस्त्री करू नको, घडी घालून माझ्या कपाटात ठेव, मी येईपर्यंत हात लावू नको."

"त्याला तेल लागलंय हो, आई."

"ठाऊक आहे. ठेव."

अठरा ऑगस्ट

सकाळी अनंतराव अंघोळ करून आले आणि मला म्हणाले, "अक्का, कालचं काम अर्धं राहिलंय. सुती असतात ते क्षणात जातात, राख पांढरी, हलकी. हे पॉलिस्टर जळत नाही, वितळतं. भांड्याला चिकटतं. म्हणून वेळ लागतो, म्हणून धूर होतो." मग चळत माझ्या हातात दिली. "आपण कराल?"

"मी? तुम्ही बरोबर या."

"नाही," ते म्हणाले. "मी जिन्याच्या खाली थांबतो. मिश्राजींना सांगून ठेवलंय, ते आज खोलीत प्राणायाम करतील."

मी पुन्हा अंघोळ केली. काडेपेटी घेतली. जिना चढताना एरवी गुडघे बोलतात, मीही त्यांच्याशी बोलते. त्या दिवशी दोघंही गप्प होतो.

प्रवासवर्णनात सगळं सांगायचं असतं. काय बघितलं, काय खाल्लं, काय वाटलं. मी तुम्हाला तिरंगी बर्फीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि माझ्यासारख्या बोलक्या बाईला लपवणं जमतही नाही. पण त्या टाकीमागच्या पाऊण तासाचं मी काही लिहिणार नाही. तुम्हीही जरा उधर मुँह कर लो.

खाली आले तेव्हा अनंतराव पहिल्या पायरीशी भिंतीकडे तोंड करून उभे होते. सुधाने विचारलं, "पोहे मागवू? शेव-जिलबीसकट?"

शामपर्यंत मला भूक लागली नाही.